कार्ड बसलं, तरी लाइन का लागत नाही? जुन्या जर्मन आयएसडीएनची जुळवणी

आपल्याकडे मोडेमची किरकिर ऐकत इंटरनेट सुरू व्हायचं, त्या काळात जर्मनीतल्या साध्यासुध्या घरांतही टेलिफोन पूर्ण डिजिटल झालेला होता. नंबर फिरवला की एक-दोन सेकंदांत लाइन जोडली जायची, आवाज नाही की खरखर नाही. या डिजिटल टेलिफोन सेवेचं नाव आयएसडीएन, आणि तिच्यासाठी संगणकात मोडेमऐवजी आयएसडीएन कार्ड लागायचं. ही कार्डं आजही सापडतात. जुन्या संगणकांच्या शौकिनांकडे असतात, आणि एखाद्या कारखान्यातल्या मशीनच्या कंट्रोल कॅबिनेटमध्येही असतात, कारण मशीन बनवणारी कंपनी दूरवरून दुरुस्ती करायला हीच लाइन वापरायची.

कार्ड बसवणं हा यातला सोपा भाग. गाडं अडतं ते पुढे. या लाइनवर कोणती भाषा चालते? माझा नंबर नेमका कोणता? जोडणी झाल्यावर पलीकडच्याला काय पाठवायचं? आणि फोन ठेवायचा कधी? या चारही प्रश्नांची उत्तरं टेलिफोनच्या बाजूने येतात, संगणकाच्या नाही. जुळवणी फसते ती बहुतेक वेळा यामुळेच, कारण माणूस विंडोजच्या खिडक्यांत शोधत बसतो आणि उत्तर भिंतीवरच्या डबीत असतं.

भिंतीवरची डबी

एक्स्चेंजमधून घरात दोनच तारा यायच्या, साध्या टेलिफोनला येतात तशाच. त्या एनटीबीए नावाच्या डबीत जातात. डबीच्या दुसऱ्या बाजूने चार तारा निघतात. या चार तारांच्या लाइनला एस-झीरो बस म्हणतात. तिच्यावर जास्तीत जास्त आठ उपकरणं लावता येतात: फोन, फॅक्स, संगणकाचं कार्ड, काहीही. बसच्या शेवटच्या सॉकेटमध्ये दोन्ही जोड्यांवर शंभर-शंभर ओहमचे रेझिस्टर असावे लागतात. ते नसले तर दोन-चार मीटरच्या वायरवर काही बिघडत नाही, पण लांब बसवर कधी चालतं कधी बंद पडतं असा छळ सुरू होतो. अशा वेळी लोक ड्रायव्हर तीनदा काढून घालतात.

सॉकेट आणि पिन हुबेहूब नेटवर्क केबलसारखी दिसते. आयएसडीएन त्यातल्या मधल्याच चार पिना वापरतो, तीन ते सहा. त्यामुळे साधी सरळ जोडलेली नेटवर्क केबल इथे चालून जाते. उलटा प्रकार मात्र करू नये. या तारांवर फोनना वीज पुरवण्यासाठी चाळीस व्होल्टच्या आसपास दाब असतो, तेव्हा ही केबल चुकूनही संगणकाच्या नेटवर्क पोर्टात जाऊ देऊ नका.

एनटीबीएला विजेचा प्लगही असतो. संगणकाच्या कार्डासाठी तो लावण्याची गरज नाही, कारण डबीला स्वतःपुरती वीज एक्स्चेंजकडून मिळते आणि कार्डाला संगणकाकडून. प्लग लागतो तो स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या फोनसाठी.

एक लाइन, तीन वाटा

साध्या घरगुती जोडणीत तीन चॅनल असतात. दोन बी-चॅनल, प्रत्येकी सेकंदाला ६४ किलोबिट, आणि एक डी-चॅनल, १६ किलोबिटचा. बोलणं किंवा डेटा बी-चॅनलवरून जातो. डी-चॅनलवर फक्त व्यवहाराची बोलणी होतात: मला अमुक नंबर हवा, तुला तमुक नंबरचा फोन आलाय, पलीकडचा बिझी आहे, तुझे इतके पैसे झाले. आपल्याकडे कंपन्यांमध्ये बीएसएनएल किंवा एमटीएनएलची पीआरआय लाइन, म्हणजे आयएसडीएनचीच मोठी जोडणी, ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथे बी-चॅनल तीस असतात आणि डी-चॅनलही ६४ किलोबिटचा.

जुळवणीचा जवळजवळ सगळा खेळ त्या १६ किलोबिटच्या डी-चॅनलवर चालतो. तिथे कोणती भाषा बोलायची, हा पहिला प्रश्न. जर्मनीत त्याची उत्तरं दोन आहेत.

जर्मन डाक खात्याने, म्हणजे डॉयच बुंडेसपोस्टने, १९८७ साली मानहाइम आणि श्टुटगार्ट या शहरांत आयएसडीएनचे प्रयोग सुरू केले आणि १९८९ साली हानोवरच्या सेबिट प्रदर्शनात सेवा रीतसर जाहीर केली. युरोपभर चालणारं मानक तेव्हा तयार नव्हतं, म्हणून जर्मनांनी स्वतःचं ठरवलं. त्याचं नाव १टीआर६. नाव एखाद्या नियमावलीच्या कलमासारखं वाटतं, आणि ते तसंच आहे. पुढे युरोपातल्या दूरसंचार कंपन्यांनी मिळून युरो-आयएसडीएन आणलं. त्याच्या डी-चॅनलवरच्या भाषेला डीएसएस१ म्हणतात. जर्मनीत १९९३-९४ च्या सुमारास ही सेवा मिळू लागली आणि नवी जोडणी घेणारे तीच घेऊ लागले. जुनं १टीआर६ डॉयच टेलिकॉमने, म्हणजे डाक खात्यातून निघालेल्या टेलिफोन कंपनीने, २००६ च्या अखेरीपर्यंत सांभाळलं.

मग आता १टीआर६ची कटकट कशाला? कारण एक्स्चेंजने भाषा बदलली तरी ऑफिसातल्या टेलिफोन यंत्रणेने ती बदललीच असेल असं नाही. मुंबई-पुण्याच्या ऑफिसांत जिला ईपीएबीएक्स म्हणतात, तिला जर्मन लोक टीके-आनलागं म्हणतात. सीमेन्सच्या हायकॉमसारख्या मोठ्या यंत्रणा एकदा बसवल्या की वीस वर्षं कुणी हात लावत नसे. अशा यंत्रणेचं तोंड बाहेरच्या बाजूला डीएसएस१ बोलतं आणि आतल्या एस-झीरो पोर्टांवर मात्र १टीआर६ चालू असतं, असा प्रकार सर्रास सापडतो. ऑफिसची जोडणी युरो-आयएसडीएनची आहे हे बिल पाहून कळायचं. पण तुमचं कार्ड ज्या सॉकेटात आहे त्याच्यामागे एक्स्चेंज आहे की आतली यंत्रणा, हे बिल सांगत नसे.

भाषा चुकली की काय होतं? दोन्ही भाषांमध्ये, म्हणजे प्रोटोकॉलमध्ये, प्रत्येक संदेशाचा पहिला बाइटच वेगळा असतो. डीएसएस१ शून्य-आठने सुरुवात करतो. १टीआर६ सोळाच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीत लिहिलेल्या चाळीस किंवा एक्केचाळीसने. समोरच्याला संदेश आपला वाटतच नाही आणि तो गप्प बसतो. कार्ड ठीक, केबल ठीक, खालचे दोन थर (वायरवरचा सिग्नल आणि त्यावरचा एक्स्चेंजशी दुवा) बिनतक्रार उभे, आणि तरीही फोन जात नाही, येत नाही, चूक झाल्याचा संदेशही नाही. अशी संपूर्ण शांतता असेल तर सर्वांत आधी प्रोटोकॉल बदलून पाहावा.

माझा नंबर कोणता

एस-झीरो बसवर फोन येतो तेव्हा तो सगळ्याच उपकरणांना एकदम कळवला जातो. चाळीत एकाच्याच घरी फोन असायचा तेव्हा हाक सगळ्यांना ऐकू यायची, पण ज्याचं नाव घेतलं तोच उठायचा. इथेही तसंच चालतं. एक्स्चेंज नंबर पुकारतं. ज्या उपकरणात तो नंबर भरला आहे ते उठतं.

१टीआर६मध्ये हे नाव म्हणजे फक्त एक आकडा असतो, ईएझेड. समजा तुमच्या लाइनचा नंबर ४७११२ आणि पुढे कोणताही एक आकडा असा आहे. कुणी ४७११२३ फिरवला तर बसवर ३ पुकारला जातो आणि ईएझेड ३ दिलेलं उपकरण उचलतं. शून्य ही सार्वत्रिक हाक, ती सगळ्यांसाठी. म्हणजे संगणकाच्या सेटिंगमध्ये भरायचा असतो तो एकच आकडा. तिथे अख्खा नंबर भरला की गडबड.

डीएसएस१मध्ये याउलट. तिथे एमएसएन असतो, म्हणजे पूर्ण नंबर. टेलिकॉम साधारण तीन एमएसएन द्यायचं, मागितले तर दहापर्यंत मिळायचे. जर्मनीत एमएसएन शहराच्या कोडशिवाय भरायचा. म्युनिकचा ०८९ किंवा बर्लिनचा ०३० पुढे लावला की जुळणी होत नाही आणि येणारा फोन कार्ड ओळखत नाही.

यातली खोच अशी की चुकीचा एमएसएन भरला तरी बाहेर जाणारे फोन बहुधा जातात. एक्स्चेंज अनोळखी नंबर पाहून त्याच्या जागी लाइनचा मुख्य नंबर टाकतं आणि जोडून देतं. त्यामुळे इंटरनेट चालतं, सगळं ठीक आहे असं वाटतं, आणि महिन्याभराने लक्षात येतं की फॅक्स एकही आलेला नाही. जाणारा फोन लागला म्हणजे नंबर बरोबर भरला, असा निष्कर्ष कधी काढू नये. ऑफिसच्या यंत्रणा एक्स्चेंजएवढ्या उदार नसतात. काही अनोळखी नंबर आला की जोडणीच नाकारतात, काही तो खर्च पहिल्या एक्स्टेन्शनच्या नावावर टाकतात, आणि मग हिशेबनीस बिचाऱ्या रिसेप्शनिस्टला जाब विचारतो.

यंत्रणेच्या मागे असाल तर एमएसएनच्या जागी तिचा आतला एक्स्टेन्शन नंबर भरायचा, म्हणजे २१ किंवा ३४ असा छोटा आकडा. बाहेरचा नंबर नाही. शिवाय बाहेरची लाइन घ्यायला शून्य लागतो. टेलिकॉमच्या टी-ऑनलाइन या इंटरनेट सेवेचा देशभरचा नंबर ०१९१०११ होता; यंत्रणेच्या मागून तो ००१९१०११ होतो. काही यंत्रणांत शून्याशिवाय आपोआप बाहेरची लाइन मिळण्याची सोय चालू केलेली असते. मग तो जादा शून्य नंबरचाच भाग बनतो आणि भलतीकडे फोन लागतो.

जोडणीचा प्रकारही इथेच पाहून घ्यावा. घरगुती जोडणीवर अनेक उपकरणं चालतात. पण ऑफिसांना दिलेली दुसऱ्या प्रकारची जोडणी फक्त एका यंत्रणेसाठी असते आणि तिथे एक्स्टेन्शन थेट फिरवता येतात. या लाइनवर यंत्रणेच्या बाजूला आणखी एक कार्ड लावलं तर ते चालणार नाही. पहिल्या प्रकारात प्रत्येक उपकरण एक्स्चेंजकडून स्वतःचा ओळखक्रमांक, टीईआय, मागून घेतं आणि तो ६४ ते १२६ मधला असतो. दुसऱ्या प्रकारात तो कायमचा शून्य ठरलेला असतो आणि त्यावर एकाचाच हक्क. तेव्हा कार्ड यंत्रणेच्या आतल्या पोर्टावरच लावायचं.

बोलायचं आहे की डेटा पाठवायचा आहे

साध्या टेलिफोनला पलीकडे माणूस आहे की मोडेम हे कळत नाही. आयएसडीएनला कळतं, कारण फोन लावतानाच डी-चॅनलवर सेवा सांगावी लागते. १टीआर६मध्ये टेलिफोनसाठी १ आणि डेटासाठी ७ हे कोड होते. डीएसएस१मध्ये हीच गोष्ट जास्त तपशिलाने सांगितली जाते: बोलणं, ३.१ किलोहर्ट्झचा ऑडिओ, किंवा अबाधित ६४ किलोबिट डेटा.

याचा फायदा मोठा आहे. टेलिफोन आणि संगणक एकाच नंबरवर ठेवता येतात. डेटाचा कॉल आला तर टेबलावरचा फोन वाजतच नाही, फक्त कार्ड उठतं. तोटा असा की ऑफिसच्या यंत्रणेत एखाद्या पोर्टावर डेटा सेवा बंद ठेवलेली असू शकते. त्या सॉकेटात फोन लावला तर छान चालतो, संगणक लावला तर नाही. आणि "अहो, सॉकेट चालू आहे, मी आत्ताच फोन करून पाहिला" असं ऑफिसवाले अगदी खरं सांगत असतात.

सेवा जुळल्यावर बी-चॅनल उघडतो. आता त्या ६४ किलोबिटवर डेटा कसा बांधायचा, हे दोन्हीकडे सारखं हवं. इंटरनेटसाठी एचडीएलसी ही पद्धत आणि त्यावर सिंक्रोनस पीपीपी. जुने बुलेटिन बोर्ड (फोन लावून पोचायचे संदेश-फलक) आणि दोन संगणकांत थेट फाइल पाठवणं यासाठी एक्स.७५. मोबाइलवरून येणाऱ्या डेटा कॉलसाठी आणि काही जुन्या सेवांसाठी व्ही.११०. इथे चुकलं तर लक्षण ठरलेलं: लाइन लगेच लागते, काही सेकंद दोन्ही बाजू शांत राहतात, मग पलीकडचा फोन ठेवतो. आणि लाइन लागली म्हणजे एका युनिटचे पैसे लागलेच.

विंडोजच्या बाजूने

जर्मन कार्ड उत्पादकांनी मिळून कॅपी नावाची एक सामाईक पद्धत ठरवली होती. कार्ड बर्लिनच्या एव्हीएमचं फ्रिट्झ असो की आखेनच्या एल्साचं, वरचं सॉफ्टवेअर कॅपीशीच बोलतं. तिच्या दोन पिढ्या आहेत. कॅपी १.१ ही १टीआर६च्या काळातली, तिला एका आकड्याचा ईएझेडच कळतो. कॅपी २.० पूर्ण एमएसएन समजते. म्हणून जुना फॅक्स प्रोग्राम नव्या लाइनवर चालवायचा असेल तर ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये एक तक्ता भरावा लागतो: ईएझेड १ म्हणजे अमुक एमएसएन, २ म्हणजे तमुक. हा तक्ता रिकामा असेल तर प्रोग्राम चालू राहतो, पण फोन घेत नाही.

कॅपीला विंडोजचं डायल-अप नेटवर्किंग ओळखत नाही. त्याला मोडेम हवा असतो. म्हणून एव्हीएमने कॅपीपोर्ट नावाचा ड्रायव्हर दिला. तो खोटेखोटे मोडेम तयार करतो आणि यादीत त्यांची पाच-सात नावं दिसतात. इंटरनेटसाठी त्यातला पीपीपी असा उल्लेख असलेला निवडायचा. एक्स.७५वाला निवडला तर वर सांगितलेली ती शांतता. दुसरा मार्ग म्हणजे एनडिसवॅन ड्रायव्हर. त्यात कार्ड नेटवर्क उपकरण म्हणून दिसतं आणि प्रत्येक बी-चॅनल वेगळी लाइन म्हणून. दोन्ही एकदम बसवण्याची हौस करू नये.

टी-ऑनलाइनचं लॉगिन हा स्वतंत्र अडथळा होता. आधी बारा आकडी जोडणी-क्रमांक, त्याला चिकटून टी-ऑनलाइन नंबर, तो बारा आकड्यांपेक्षा लहान असेल तर मग हॅशची खूण, आणि शेवटी ०००१. मध्ये जागा सोडायची नाही.

लिनक्सच्या बाजूने

लिनक्सवर हायसॅक्स हा ड्रायव्हर होता आणि त्याभोवती आयएसडीएन फॉर लिनक्सची हत्यारं. हायसॅक्सला मुख्यतः दोन आकडे द्यायचे. टाइप, म्हणजे कोणतं कार्ड: टेलेस १६.३साठी ३, एव्हीएमच्या पीसीआय फ्रिट्झ कार्डासाठी २७. आणि प्रोटोकॉल: १ म्हणजे १टीआर६, २ म्हणजे डीएसएस१. जुन्या आयएसए स्लॉटच्या कार्डांना आयआरक्यू (कार्डाने संगणकाचं लक्ष वेधायचा, म्हणजे इंटरप्टचा, क्रमांक) आणि पोर्टचा पत्ताही हाताने द्यावा लागतो. आयआरक्यू चुकला तर सुरुवातीलाच "एकही इंटरप्ट आला नाही" अशा अर्थाचा संदेश लॉगमध्ये येतो. पीसीआय कार्डाला यातलं काही लागत नाही.

त्यानंतर आयएसडीएन-कंट्रोल या हत्याराने एक नेटवर्क इंटरफेस तयार करायचा, त्याला स्वतःचा नंबर द्यायचा, बाहेर फिरवायचा नंबर द्यायचा, खालचा थर एचडीएलसी आणि बांधणी सिंक्रोनस पीपीपी ठेवायची. पासवर्ड वगैरे आयपीपीपीडी हा प्रोग्राम पाहतो. यात १टीआर६ची छाप शेवटपर्यंत राहिली. स्वतःचा एमएसएन देण्याच्या आज्ञेचं नाव ईएझेडच आहे, आणि लॉगमध्ये डीएसएस१च्या लाइनवरही बोलण्यासाठी १ आणि डेटासाठी ७ हेच आकडे दिसतात.

आणि तो लॉगच आपला नंबर शोधण्याची सर्वांत खात्रीची जागा. मोबाइलवरून किंवा शेजारच्या फोनवरून आपल्याच लाइनला फोन करायचा आणि लॉग पाहायचा. कुणाकडून आला, कोणती सेवा, कोणत्या नंबरसाठी, हे सगळं तिथे छापलेलं येतं, भले तो फोन कुणी घेतला नसो. बाणानंतर जो नंबर दिसेल तो जसाच्या तसा सेटिंगमध्ये उतरवायचा. एक आकडा दिसला तर तुम्ही १टीआर६वर आहात, दोन-तीन आकडे दिसले तर यंत्रणेच्या मागे, अख्खा नंबर दिसला तर थेट एक्स्चेंजवर. टेलिकॉमला पत्र लिहून किंवा यंत्रणेचं जर्मन मॅन्युअल शोधून जे कळेल, ते या एका ओळीत कळतं.

युनिटचा हिशेब

हा भाग आज गमतीचा वाटतो, तेव्हा घराघरांत भांडणं लावायचा. जर्मनीत फोनचे पैसे युनिटमध्ये मोजले जायचे. १९९६ साली दर बदलले तेव्हा युनिट १२ फेनिगचं झालं (शंभर फेनिगांचा एक मार्क). स्थानिक फोनला दिवसा ९० सेकंदांना एक युनिट, रात्री नऊनंतर २४० सेकंदांना एक. म्हणजे दिवसा तासभर इंटरनेटचे चाळीस युनिट, ४ मार्क ८० फेनिग. रात्री तोच तास १ मार्क ८० फेनिगला. इंटरनेट कंपनीचे पैसे वेगळे. दोन्ही बी-चॅनल जोडून १२८ किलोबिटचा वेग घेता यायचा, पण ते दोन स्वतंत्र फोन धरले जात. वेग दुप्पट, बिलही दुप्पट, आणि घरातला फोन तेवढा वेळ कायम बिझी.

लाइन एका सेकंदात लागते म्हटल्यावर ती धरून ठेवायची गरज काय? गरज पडली की संगणकाने आपणहून फोन लावायचा, काही काळ काही हललं नाही की ठेवायचा. याला मागणीनुसार डायल म्हणतात, आणि कागदावर ती उत्तम कल्पना आहे. प्रत्यक्षात संगणक स्वतःशीच पुटपुटत असतो. विंडोज नेटवर्कमधली नावं शोधतो, मेलचा प्रोग्राम डोकावून येतो, कुठलीशी सेवा घड्याळ लावून घेते. अशा प्रत्येक पुटपुटीला फोन लागतो आणि एक युनिट जातं. दर दहा मिनिटांनी एक याप्रमाणे दिवसाला १४४ फोन, १७ मार्क २८ फेनिग, आणि घरी कुणी नसताना. सुट्टीहून परत आल्यावर बिल पाहून डोळे पांढरे झालेली कुटुंबं कमी नव्हती.

म्हणून डायलची पद्धत मॅन्युअल ठेवावी, हे माझं मत आजही कायम आहे. आपणहून डायल हवंच असेल तर आधी नावं शोधणाऱ्या डेटाच्या पाकिटांना बाहेर जाण्यापासून अडवावं, आणि मगच ते चालू करावं.

फोन ठेवण्याची वेळही हुशारीने ठरवता यायची. समजा युनिट ९० सेकंदांचं आहे आणि विसाव्या सेकंदाला तुमचं काम संपलं. तेव्हाच ठेवला तर उरलेल्या ७० सेकंदांचे पैसे भरून ते वाया. म्हणून लिनक्समध्ये अशी सोय होती की पुढचं युनिट लागण्याच्या जरा आधी लाइन ठेवायची. त्यासाठी युनिट पडल्याचे संदेश बोलणं चालू असतानाच डी-चॅनलवर यायला हवेत. ती माहिती टेलिकॉमकडून वेगळी मागून घ्यावी लागे; नाहीतर आकडा फक्त शेवटी कळायचा. संदेश येत नसताना ही सोय चालू ठेवली तर तिला मोजायला काही मिळतच नाही. अशा वेळी साधी कालमर्यादा बरी.

लाइन का तुटली, हे लाइनच सांगते

डीएसएस१ची एक गोष्ट मला फार आवडते: नकार देतानाही कारण सांगतो. हायसॅक्स ते कारण ई या अक्षरानंतर चार आकड्यांत छापतो. पहिले दोन सांगतात नकार कुठून आला, शेवटचे दोन का आला. हे सोळाच्या पद्धतीतले आकडे आहेत, दहाच्या नाहीत. ई००१बी दिसलं तर खालच्या दोन थरांत गडबड आहे: केबल, रेझिस्टर, चुकीचं सॉकेट. तिथे पासवर्ड तपासत बसू नका. शेवटी १० म्हणजे नेहमीसारखा फोन ठेवला गेला, ११ म्हणजे बिझी. १२ म्हणजे कुणी प्रतिसाद दिला नाही. १५ म्हणजे पलीकडच्याने नाकारलं. २२ असेल तर मोकळा चॅनल नाही, बहुधा घरातलं कुणीतरी फोनवर आहे आणि दुसऱ्यावर फॅक्स चालू आहे. ५८ सर्वांत बोलका: पलीकडे उपकरण आहे, पण ही सेवा घेणारं नाही, म्हणजे डेटाचा कॉल साध्या टेलिफोनवर गेला. १टीआर६चे कारण-कोड वेगळे आहेत. डीएसएस१चा तक्ता तिथे लावू नये.

आज हे कुठे चालतं

डॉयच टेलिकॉमने २०१० च्या दशकात सगळे फोन इंटरनेटवरून नेण्याची मोहीम काढली आणि एक-एक करून आयएसडीएनच्या लाइनी बंद केल्या. लिनक्सने २०१९ साली, कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.३मध्ये, आयएसडीएन फॉर लिनक्स काढून टाकलं. नंतरचं एमआयएसडीएन हे काम करतं, पण हायसॅक्सच्या टाइप-क्रमांकांनी जमलेली जुनी जुळवणी पाहायची असेल तर जुनाच कर्नल घ्यावा लागतो.

ऑफिसची जुनी यंत्रणा मात्र तेवढ्याने मरत नाही. एव्हीएमच्या काही फ्रिट्झबॉक्स राउटरना आत एस-झीरो पोर्ट असतं. एनटीबीएच्या जागी हा राउटर आला की जुन्या यंत्रणेला वाटतं एक्स्चेंज अजून आहे, आणि टेबलावरचे फोन पूर्वीसारखे चालतात. डेटा कॉलचं मात्र तसं नाही. बोलणं इंटरनेटच्या पाकिटांतून नेता येतं, थोडं इकडेतिकडे झालं तर कानाला कळत नाही. अबाधित ६४ किलोबिट ही सेवा वाटेतल्या बहुतेक जोडण्या नेतच नाहीत. म्हणून मशीन दुरुस्तीच्या जुन्या लाइनी, रेडिओ केंद्रांची बातमीदारांसाठीची आयएसडीएन ऑडिओ यंत्रं, दोन शाखांमधले फाइल पाठवण्याचे मार्ग, हे सगळं राउटर लावल्यावर बंद पडलं, भले फोन उत्तम चालत होते. कार्डाची सेटिंग बदलून यावर काही इलाज होत नाही.

आतल्या आत मात्र सगळं शाबूत आहे. यंत्रणेच्या दोन एस-झीरो पोर्टांवर दोन कार्डं लावली, दोघांना आपापलं एक्स्टेन्शन दिलं, सेवा डेटा आणि बांधणी एक्स.७५ ठेवली, तर जोडणी यंत्रणा स्वतःच करून देते. बाहेरच्या जगाचा तिच्याशी संबंध येत नाही. पुढे शून्य लावायचा नाही. जुन्या मशीनमधला प्रोग्राम शेवटचा एकदा बाहेर काढायचा असेल आणि त्यात आयएसडीएनशिवाय दुसरा पोर्ट नसेल, तर हा मार्ग अजून खुला असतो. मशीनमधल्या कार्डात कोणता नंबर आणि कोणता प्रोटोकॉल भरलेला आहे तेवढं आधी लिहून घ्या, कारण बसवणारा माणूस आता निवृत्त झालेला असणार.